गावातलं एकुलतं एक मैदान 'सुशोभित' होणार आहे. हरकत कशी लिहू आणि त्याऐवजी काय मागू?

झेरॉक्सवाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, स्वारगेटहून एसटीने दीड तास. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी ओळखून गप्प बसावं ही विनंती.

माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान मैदानाच्या फाटकासमोर आहे. मैदान अडीच एकराचं, जवळजवळ चौकोनी, एक बाजू साधारण १०० मीटर. सुशोभीकरणासाठी निधी आलाय. नकाशा नगरपरिषदेच्या बोर्डावर लागलाय आणि सूचना-हरकती मागवल्यात. त्याच्या ए-थ्री प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या, त्यामुळे मी तो जरा जास्तच निरखून पाहिला. मधोमध संगीत कारंजं. चारही बाजूंनी कारंज्याकडे येणारे पेव्हर ब्लॉकचे रस्ते. त्यांच्यामुळे मैदानाचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात लॉन, लॉनला साखळी. एका कडेला ओपन जिम, एका कडेला घसरगुंडी-झोपाळे, फाटकाशी 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, रात्री पेटणाऱ्या अक्षरांत.

आता मैदान कोण वापरतं ते सांगते. काउंटरवर बसून दिवसभर तेच दिसतं. पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी. सात-साडेसातला चालणारे ज्येष्ठ. दुपारी चिंचेखाली पत्ते (हे नकाशात नाहीत, पण ते नकाशाला भीक घालणार नाहीत). शाळा सुटली की क्रिकेटच्या चार मॅचेस एकमेकींत घुसलेल्या, कुणाचा बॉल कुणाच्या स्टंपात. एका कोपऱ्यात मुलींचा खो-खो. त्याचा एक खांब लग्नाच्या मांडववाल्यांनी उपटला, तेव्हापासून त्या जागी बांबू आहे. सातनंतर बायका चालायला येतात, पण दिवे दोनच, त्यामुळे सगळ्या त्या दोन दिव्यांच्या मधेच फिरतात.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते भरतीवाल्यांचं. त्यांना मैदानी चाचणीत १०० मीटर पळावं लागतं. मैदानाची बाजू १०० मीटर आहे, पण पळून झाल्यावर थांबायचं कुठे? समोर भिंत. म्हणून ही पोरं तिरपी पळतात. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यातून पिंपळाच्या कोपऱ्याकडे. फक्कीची रेघ मारतात, पिंपळाच्या अलीकडे एकजण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उकिडवा बसतो आणि पुढच्या मोकळ्या जागेत वेग कमी करत थांबतात. त्या तिरप्या रेघेच्या बरोबर मध्यावर कारंजं येणार आहे. गोळाफेकीचे गोळे माझ्या काउंटरखाली पोत्यात असतात, मुलांचा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. ज्यांच्या घरात टाइल्स बसवल्यात त्यांच्या आया गोळा घरात घेऊ देत नाहीत.

मी एकटी उठून "कारंजं नको" म्हणाले तर "विकासाला विरोध" एवढंच ऐकू जाणार. कायद्याचं काही असेल तर सांगा. आणि नुसतं नको म्हणण्यापेक्षा काय हवं म्हणून लिहू?

पेठेतला_अण्णा

कारंज्याला विरोध करू नका. उद्घाटनाला चालेल, पहिल्या दिवाळीपर्यंत त्यातलं संगीत जाईल, पुढच्या उन्हाळ्यात पाणी जाईल, मग ती टाकी गोळाफेकीला उत्तम. आमच्याकडे अनुभव दांडगा आहे.

विनोद सोडा. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, ८ एप्रिल १९५६ ला सुरू झाली, मी तीत बसलो, माझी नात बसली. मधूनमधून दुरुस्तीला बंद असते, पण पुन्हा धावते. तिला चालवायला माणूस लागतो आणि तो नेमलेला असतो. तुमच्या नकाशात माळी, रखवालदार, पाणी मारणारा यांचा पगार कुठे लिहिलाय का बघा. नसेल तर तीच पहिली हरकत.

भागनकाशा

ताई, मी नगररचनेच्या कामात आहे, म्हणून कायद्यापुरतं लिहितो.

आधी हे बघा की मंजूर विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कशाचं आहे, 'खेळाचे मैदान' की 'बगीचा'. मैदानाचं असेल तर तुमची बाजू भक्कम. आरक्षण बदलायचं झालं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकतींना एक महिन्यापर्यंतची मुदत असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली आरक्षण न बदलता मैदानाची बाग करून टाकणं ही आपल्याकडची जुनी चाल. हरकतीत तेवढंच विचारायचं: "आरक्षण मैदानाचे असताना खेळता येणार नाही असा आराखडा कोणत्या आधारे?" याचं उत्तर लेखी मागा.

कागद कसे मिळवायचे? माहितीचा अधिकार आहेच, अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस. पण तुमची हरकतीची मुदत तोवर संपेल. त्यापेक्षा सोमवारी दुपारी ३ ते ५ जा. पुणे महापालिकेत या वेळेत नागरिकांनी येऊन फायली बघायची पद्धत आधी पडली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेकांना हे माहीतच नसतं, टेबलावरच्या माणसालाही नसतं. शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा, तुमचं तर दुकानच आहे. भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या जागेपुरता तुकडा), अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी, ही तीन मागा.

अंदाजपत्रकात एक गंमत दिसेल. त्यात ज्याला दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या दरांच्या यादीत, दर आहे तेच येतं. पेव्हरला दर आहे, ग्रॅनाइटला आहे, कारंज्याच्या पंपाला आहे. रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारणं ही 'बाब'च नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही. कोणी वाईट असतंच असं नाही, कनिष्ठ अभियंत्याला निधी मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो आणि पेव्हरमध्ये तो पटकन जातो.

आणखी एक. कारंजं त्यांना हवंच असेल तर जागा सुचवा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या गावात बायपासकडे नवे प्लॉट पडलेच असतील. तिथल्या ओपन स्पेसमध्ये आज बहुधा गाजरगवत आहे.

निवृत्त_पीटी

झेरॉक्सवाली ताई, तिरप्या रेघेचं वाचलं आणि वही-पेन्सिल घेऊन बसलो. ३१ डिसेंबरचा निरोप समारंभ उरकून बरीच वर्षं झाली, पण आखणीची खोड गेली नाही.

तुमचं मैदान १०० बाय १००. ४०० मीटरचा ट्रॅक बसणार नाही, त्याला लांबी १७५ मीटरच्या पुढे लागते. तो नाद सोडा. चारही भिंतींपासून ७ मीटर आत या. ८६ मीटरचा चौकोन मिळतो. त्याचे कोपरे १४ मीटर त्रिज्येने गोल करा. फेरी बरोबर ३२० मीटरची भरते. पाच फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, भरतीच्या मुलांचं अंतर. अडीच फेऱ्या म्हणजे ८००, मुलींचं. कागदावर करून बघा: सरळ भाग ५८ चोक २३२, आणि चार कोपऱ्यांचा मिळून एक पूर्ण गोल, ८८. ही आखणी फक्कीने होते, एक पैशाचं बांधकाम नाही. प्रत्यक्षात बाजू ९८ भरली तर सातच्या जागी सहा मीटर आत घ्या.

बाहेरच्या ७ मीटरच्या पट्ट्यात झाडं आणि चालणाऱ्यांची वाट. तिरपी रेघ आत मोकळी राहते. तिच्या एका बाजूच्या त्रिकोणात खो-खो (२७ बाय १६) आणि कबड्डी (१३ बाय १०) आरामात बसतात, दुसऱ्या त्रिकोणात क्रिकेटवाल्यांना भांडू दे. गोळाफेकीचा गोल मात्र फेरीच्या बाहेर, भिंतीकडे तोंड करून आणि वेळ ठरवून. हे हसण्यावारी नेऊ नका.

आता माती. तुमच्याकडे काळी असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगेत पाय अडकून घोटा जातो. वरची अर्धा फूट तरी काढून टाका, तिथे मुरूम पसरून पाणी मारून रोलर फिरवा, वर चाळलेल्या लाल मातीचा दोन इंच थर. मध्यापासून कडेपर्यंत उतार शंभराला एक, म्हणजे ५० मीटरवर अर्धा मीटर. कडेला चर. एवढं केलं की पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी खेळता येतं. नाहीतर जून ते सप्टेंबर मैदान म्हशींचं. आणि रोलर मातीत ओल असतानाच फिरवायचा. कोरड्या मातीवर फिरवला की नुसती धूळ उडते आणि लोक म्हणतात काम केलं.

मांडववाल्यांचं: मैदान भाड्याने द्या, नगरपरिषदेलाही उत्पन्न लागतं, पण अनामत घ्या आणि खड्डे बुजवून रोलर फिरवल्याशिवाय परत देऊ नका. मी एका लग्नानंतर कबड्डीच्या मैदानातून मूठभर खिळे वेचलेत. पोरं अनवाणी खेळत होती.

त्या मुलींना बांबूवर खेळवू नका. खो-खोचा खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर, लाकडी, गुळगुळीत, नऊ-दहा सेंटीमीटर जाडीचा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला कातून मिळतो. बांबूच्या पेराने तळहात फाटतो, कारण पळणारी मुलगी खांबाला धरून अंग वळवते, सगळा भार त्या एका हातावर. खो-खोचे पहिले नियम १९१४ मध्ये याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही पुण्याकडचे. हरकतीत हे घाला. अधिकाऱ्यांना 'विश्वचषक' शब्द आवडतो, फोटोला बरा.

सकाळचे_सात

सगळे भरतीवाल्यांचंच बोलताहेत. मी अशाच एका तालुक्याच्या गावात राहतो, वय ६७, दोन्ही गुडघे तक्रारी. सुशोभीकरण झालं तेव्हाच आमच्याकडे पहिल्यांदा पावसाळ्यात चालता आलं. त्याआधी चार महिने घरात किंवा राज्य रस्त्याच्या कडेने ट्रकची हवा खात. पेव्हर म्हटलं की नाकं मुरडायची फॅशन झालीय. आम्हाला चिखलात चालायला सांगणार का? आणि ती पोरं पहाटे शिट्ट्या मारतात त्याचं काय?

झेरॉक्सवाली

काका, पेव्हर बाहेरच्या पट्ट्यात घ्या की. सरांनी सात मीटर सोडलेत, त्यातले दोन तुम्हाला. माझं म्हणणं मैदानाच्या मधून रस्ते नकोत एवढंच. पळणाऱ्यांना मात्र पेव्हर नको. त्यावर रोज पळून आमच्या दोघीतिघींच्या नडग्या दुखायला लागल्या, डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं आणि फॉर्मची तारीख तर थांबत नाही. शिट्ट्यांचं बोलते त्यांच्याशी.

भागनकाशा, सोमवारी जाऊन आले. साहेब "असं काही नसतं" म्हणाले, प्रत काढून दाखवली, मग खुर्ची मिळाली. आरक्षण 'खेळाचे मैदान' असंच आहे. अंदाजपत्रकात माळी नाही, रखवालदार नाही, स्वच्छतागृह नाही. अण्णांचं अक्षरशः खरं ठरलं. कारंज्याचा पंप मात्र दोन ओळी खाऊन बसलाय.

मुलांच्या खेळण्यांबद्दल कुणी सांगेल का? नकाशात ती पश्चिमेच्या भिंतीला टेकवलीत आणि मला त्यातलं काही कळत नाही.

वारज्याची_आई

मी सांगते, रोज संध्याकाळचे दोन तास माझी नोकरीच ती आहे.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला हवं. आमच्या सोसायटीजवळच्या बागेत स्टीलची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून आहे. एप्रिलमध्ये पाच वाजता माझ्या धाकट्याने चड्डीत बसून घसरायला घेतलं आणि मध्यावरच उभा राहिला, दोन्ही मांड्या लाल. फायबरची कमी तापते, पण दोन-तीन वर्षांनी उन्हाने तिच्या कडा तडकतात आणि बारीक कुसं हातात जातात. म्हणून सावली आधी, घसरगुंडी नंतर. झाड वाढेपर्यंत वर हिरवी जाळी टाका.

खाली पेव्हर किंवा काँक्रीट अजिबात नको. मुलं पडणारच, खाली काय आहे त्यावर टाके ठरतात. रबराच्या टाइल्स महाग असतील तर फूटभर खोल वाळू घाला, कडेला बंधारा, आणि ती आठवड्याला उकरून मोकळी करणारं कुणीतरी. वाळू दबली की फरशीच. कुत्री-मांजरी येतात म्हणून कुंपण. प्रत्येक खेळण्याभोवती सहा फूट मोकळं. झोपाळा कधीही येण्याजाण्याच्या वाटेत नको, छोटी मुलं झोपाळ्याच्या मागून धावत जातात आणि फळी कपाळात बसते. आणि पाच वर्षांच्या आतल्यांची खेळणी वेगळी ठेवा, नाहीतर सातवीतली दांडगी पोरं सी-सॉवर बसून चिमुरड्यांना आकाशात पाठवतात.

पश्चिमेच्या भिंतीऐवजी एक कोपरा मागा, पण तिरप्या रेघेच्या टोकांचा नाही, उरलेल्या दोनांपैकी फाटकाजवळचा. सरांच्या गोलाईमुळे कोपऱ्यात बरीच जागा सुटतेय. आयांना बाकावरून सगळं दिसलं पाहिजे, मध्ये उंच झुडपं नकोत. झुडपांवरून आठवलं, कण्हेर आणि पिवळी बिट्टी लावू देऊ नका. नर्सरीतून हमखास तीच येतात, कारण गुरं खात नाहीत आणि पाणी कमी लागतं. दोन्ही विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर मुलं खेळायला गोळा करतात. करंज, कडुनिंब, बकुळ लावा. गुलमोहर दिसायला छान, पण वळवाच्या पावसात फांद्या टाकतो.

स्वच्छतागृहाचं कुणी विसरू नका. ते नसलं की बायका पाणी न पिता येतात आणि अर्ध्या तासात घरी जातात, मग कागदावर लिहितात महिलांचा प्रतिसाद कमी. आणि दुपारी कुलूप लावू नका. पुण्यात बऱ्याच बागा दुपारी बंद, मे महिन्यात मुलं पार्किंगमध्ये खेळतात.

निवृत्त_पीटी

वारज्याच्या आईंशी सहमत. कोपऱ्याचं गणित केलं: गोलाईच्या बाहेर प्रत्येक कोपऱ्यात अंदाजे २८५ चौरस मीटर सुटतात. चालण्याची वाट वजा जाता मुलांना पुरे. ओपन जिम दुसऱ्या कोपऱ्यात ढकला. त्याच्या बेअरिंगला ग्रीस कोण लावणार ते आधी ठरवा म्हणजे झालं.

झेरॉक्सवाली

लिहायला घेतलंय. पहिल्या पानावर आरक्षण आणि कलम ३७. दुसऱ्या पानावर सरांची आखणी, नगरपरिषदेच्या नकाशावर मी लाल पेनाने तिरपी रेघ मारून कारंज्यावर फुली काढलीय. तिसऱ्यावर कोण किती वाजता येतं त्याचं वेळापत्रक. मागण्या थोड्या ठेवल्यात: मध्य मोकळा, मुरूम-माती, चार दिवे, स्वच्छतागृह, मुलांचा कोपरा, आणि देखभालीला माणूस नेमल्याचा ठराव. पेटणाऱ्या अक्षरांना मी हरकत घेतली नाही, फाटकाबाहेर लावा म्हटलंय. काहीतरी उद्घाटनाला ठेवावं लागतं.

भरतीच्या पोरांनी सह्या गोळा करायला घेतल्यात. चिंचेखालच्या पत्तेवाल्यांनीही सह्या दिल्या, चिंच तोडायची नाही या अटीवर. खो-खोच्या मुलींच्या सह्या चालत नाहीत म्हणे, अठराच्या आतल्या, म्हणून त्यांच्या आयांच्या घेतोय. सर, रविवारी एकदा टेपने मोजून घ्यायचंय. बाजू खरंच शंभर आहे की आम्ही पिढ्यानपिढ्या धरून चाललोय, कुणालाच माहीत नाही.

निवृत्त_पीटी

येतो. ५० मीटरची टेप माझ्याकडे आहे, कापडी नको, स्टीलची. चार खुंट्या, सुतळी आणि फक्कीची अर्धी गोणी तयार ठेवा. चौकोन काटकोनात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून कळेल.

सकाळचे_सात

बाहेरच्या पट्ट्यात पेव्हर असतील तर माझा पाठिंबा धरा. आमच्याकडेही असंच मागायला हवं होतं. एक भर घाला: बाकांना पाठ हवी आणि उठताना धरायला हात हवेत. आमच्याकडे बिनपाठीचे सिमेंटचे ठोकळे बसवलेत, त्यावर बसलं की उठवायला दुसरा माणूस लागतो. तुमच्या निवेदनात बाकांचं काही दिसत नाही.

झेरॉक्सवाली

घातलं. पान दोन, शेवटून दुसरी ओळ.